या वयात खडकांचा अभ्यास कशासाठी?

औसा तालुक्यातील एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातील मुख्य भाग तेवढा येथे देते.

“आमचे गावात किराणा आणि भुसाराचे दुकान आहे. यजमान अडतीवर गेले की गल्ल्यावर मीच असते. बारावी मी वाणिज्य शाखेतून केली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झाले आणि पुस्तके सुटली. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरावीत होते. मामाचे घर त्यात गेले. मामी आणि धाकटा मामेभाऊ दोघेही गेले. इतका कठीण दगड हलला कसा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. टाळेबंदीत लेकीच्या मोबाइलवर भूविज्ञानाची काही व्याख्याने ऐकली. निम्मी इंग्रजी कळली नाही, पण जे कळले त्याने इतका आनंद झाला की रात्री झोप लागेना, आणि सकाळी उठल्यावर स्वतःचीच लाज वाटली. ज्याने आमची माणसे नेली त्याचा अभ्यास करताना आनंद वाटावा, हे बरे का? मुलगा म्हणतो, आई, शिकायचेच तर टॅली शिक, दुकानाला उपयोग होईल. यजमान नको म्हणत नाहीत, पण या वयात परीक्षा देणार का, असे विचारून हसतात. मला पदवीची हाव नाही. पण विद्यापीठात जसे ओळीने शिकवतात तसे एकदा शिकावे, असे फार वाटते. वाणिज्यवालीला दारात कोण घेईल, आणि घेतले तरी मला झेपेल का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी लाजेचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो मनात तसाच राहिला तर प्रवेशाची आणि अभ्यासक्रमांची माहिती देऊनही तुमचे पाऊल पुढे पडणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातील कोणालाही विसरता येणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती, आणि पहाटे चार वाजायच्या आत लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. पुढे ५२ गावे जुनी जागा सोडून नव्याने वसवावी लागली. ज्या अभ्यासकांनी त्यानंतर ढिगाऱ्यांत फिरून एकेका भिंतीची पाहणी केली, त्यांच्यामुळे घरे का पडली हे आपल्याला कळले. आपल्याकडच्या जुन्या भिंती रुंदीने चांगल्या ऐसपैस असत: बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, दोहोंच्या पोटात दगडगोटे आणि मातीचा भराव, आणि या सगळ्यावर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, ओझे. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड ठिकठिकाणी बसवलेला नसला, तर हादऱ्यात ते थर एकमेकांपासून सुटतात, पोटातला भराव खाली घसरतो आणि भिंत आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे फुटते. काही घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर तोललेला होता. तिथे भिंती कोसळल्या तरी काही छते उभी राहिली. पुनर्वसनाच्या काळात जुन्या घरांच्या भिंतींत आरपार दगड घालण्याचे, कोपरे बांधून घेण्याचे जे काम झाले, त्याचा उगम या समजुतीत आहे.

आता तुम्हीच सांगा, मामीच्या घराची भिंत कशी फुटली असेल हे ज्या क्षणी तुमच्या लक्षात येईल, त्या क्षणी तुम्हाला जे वाटेल त्याला काय म्हणायचे? त्यात दुःखही असेल आणि उकल झाल्याचे समाधानही असेल. ही दोन्ही एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात, आणि एकाने दुसऱ्याचा अपमान होत नाही. तीस वर्षे तुम्ही हा प्रश्न मनात जपून ठेवलात, तो मामींविषयीच्या मायेपोटीच. त्या प्रश्नाचे उत्तर हाती लागताना मन फुलले, तर त्याची लाज वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. मला तर असे वाटते की ज्या विषयाशी आपला जुना हिशेब आहे, तो विषय आपण सर्वांत मन लावून शिकतो.

मुलाच्या म्हणण्याकडे वळते. तो चुकीचे बोलतो आहे असे मी म्हणणार नाही. टॅली खरोखरच उपयोगाचे आहे आणि दुकानात हवे असेल तर त्याने ते स्वतः शिकावे. पण त्याच्या बोलण्यामागे जी सवय आहे ती आपल्या लातूरची आहे. ‘लातूर पॅटर्न’ने खेड्यापाड्यांतील मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर होण्याची वाट दाखवली, शेतमजुरांची मुले मेडिकलला गेली, आणि त्याविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र त्याचबरोबर घराघरांत एक गोष्ट रुजली, ती म्हणजे शिकण्याचे मोल निकालाच्या कागदावरून करण्याची. कोणता क्लास, किती गुण, कोणते कॉलेज, हे विचारून झाले की बोलणे संपते. धडा वाचताना काय समजले, कशाचे नवल वाटले, हे मुलाला कोणी विचारत नाही आणि मुलेही मग स्वतःला ते विचारीत नाहीत. तुमचा मुलगा याच हवेत वाढला. तुम्ही त्याच्याशी वाद घालू नका. तुम्ही अभ्यासाला बसा, आणि जे समजले ते जेवताना दोन वाक्यांत सांगा. आईला एखाद्या गोष्टीचा इतका हुरूप आलेला पाहणे, हे मुलांसाठी फार मोठे शिक्षण असते.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत आवडलेली ओळ म्हणजे ‘ओळीने शिकावे’ ही. मोबाइलवर व्याख्याने ऐकणे आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम करणे यांतला फरक तुम्ही नेमका पकडला आहे. मोबाइलवर आपण आपल्याला हवे तेच निवडतो. भूकंपाविषयी कुतूहल असले की भूकंपाचीच व्याख्याने ऐकतो, आणि काही दिवसांनी तीच माहिती फिरून फिरून येऊ लागली की मन उडते. अभ्यासक्रम आखणारा माणूस मात्र आपली आवड विचारीत नाही. तो आधी खनिजे शिकवतो, मग खडकांचे प्रकार, मग ऊन-पावसाने खडकांचे होणारे विदारण, मग पृथ्वीच्या पोटातली रचना. भूकंपाचे प्रकरण यायला कित्येक आठवडे जातात. सुरुवातीला हे सारे कंटाळवाणे वाटते, आणि अनेकजण इथेच सोडून देतात. पण विद्यापीठीय शिक्षणातला खरा आनंद नेमका याच सक्तीच्या प्रकरणांत दडलेला असतो, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. जे आपण स्वतःहून कधीच वाचले नसते, तेच पुढे किल्ली ठरते.

याचे एक उदाहरण तुमच्याच शिवारातले देते. तुमच्या भागात विहीर खोदताना वरची काळी माती संपली की मुरूम लागतो, मग पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या दगड, मग अखंड काळा पाषाण, आणि त्यातच कधी कधी हात-दोन हात जाडीचा तांबडा थर लागतो. पुष्कळ ठिकाणी लोक त्याला गेरू म्हणतात आणि विहिरीचे काम करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. विदारणाचे प्रकरण वाचल्याशिवाय या तांबड्या थराचा अर्थ लागत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, हे आपण शाळेतच ऐकलेले असते. पण ते सगळे एका दमात झालेले नाही. एक प्रवाह आला, थिजला, उघडा पडून राहिला. त्याच्यावर इतका काळ ऊन-पाऊस पडत राहिला की त्याचा वरचा भाग झिजून, त्यातले लोह गंजून तांबडी माती झाली. आणि मग पुढचा प्रवाह येऊन त्या मातीवर पसरला, तिला भाजून दडपून टाकले. विहिरीच्या भिंतीत दिसणारी ती तांबडी रेघ म्हणजे एके काळची उघडी जमीन आहे. तिच्यावर पाऊस पडला होता. हे समजून घेतल्यावर एकदा उन्हाळ्यात, पाणी खाली गेलेले असताना, ओळखीच्या विहिरीच्या काठावर उभ्या राहून आत पाहा. आजवर शंभरदा पाहिलेली भिंत तुम्हाला पहिल्यांदा वाचता येईल.

दुसरे उदाहरण तुमच्या दुकानातल्या काट्याचे. खनिजे आणि खडकांच्या प्रकरणात घनता येते, आणि वाणिज्य शाखेतून आलेल्या विद्यार्थ्यांना ती हमखास भीती घालते. तुमच्याकडे हुकाचा लटकता काटा असेल. अखंड काळ्या पाषाणाचा मुठीपेक्षा थोडा मोठा तुकडा घ्या, दोऱ्याने बांधून काट्याला लटकवा आणि वजन लिहून ठेवा. मग खाली पाण्याची बादली धरा, दगड पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा सोडा, आणि पुन्हा वजन पाहा. ते कमी भरलेले असेल. पहिले वजन ८७० ग्रॅम आणि पाण्यातले ५७० ग्रॅम आले असे धरा. वजनातली घट ३०० ग्रॅम. ८७० ला ३०० ने भागले की २.९ येतात. म्हणजे हा दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या २.९ पट जड आहे, आणि अखंड बेसॉल्टची, म्हणजे याच काळ्या पाषाणाची, घनता साधारण २.८ ते ३.० च्या दरम्यान असते, असे पुस्तकात छापलेले असते. हाच प्रयोग मांजऱ्याच्या तुकड्यावर केला तर आकडा खाली येतो, कारण तो पोकळ्यांनी भरलेला असतो. देगलूर-बिलोलीकडे कोणी नातेवाईक असतील तर तिकडचा ग्रॅनाइटचा तुकडा मागवून घ्या, तो २.६ ते २.७ च्या आसपास भरेल. पुस्तकातला आकडा स्वतःच्या काट्यावर उतरताना पाहण्यात जो आनंद आहे, तो पन्नाशीतही तितकाच ताजा असतो, हे मी अभ्यासकेंद्रावरच्या अनेक विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेले आहे.

घनतेची ही कंटाळवाणी बाब किल्लारीपर्यंत कशी पोचते ते पाहा. जमिनीच्या पोटात आपल्याला उतरता येत नाही. तिथे कोणता खडक किती खोलीवर आहे याचा अदमास शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांवरून घेतात, आणि ते फरक खडकांच्या घनतेमुळे पडतात. प्रत्यक्ष पडताळा हवा असेल तर खोल छिद्र घ्यावे लागते. किल्लारीला भूकंपानंतर तसे छिद्र घेतले गेले, तेव्हा काळ्या दगडाची एकूण जाडी सुमारे ३४० मीटर भरली. त्याखाली गाळाच्या खडकांचा एक पातळ थर लागला, आणि त्याच्या खाली लागला तो अतिप्राचीन पायाभूत खडक, ज्याची भावंडे देगलूर-बिलोलीकडे उघड्यावर दिसतात. भूकंप जन्मला तो या खालच्या खडकात, दहा-एक किलोमीटरांच्या आतच, म्हणजे उथळ खोलीवर. भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण हिमालयापाशीच संपत नाही, तो सबंध द्वीपकल्पाच्या खडकांत साठत राहतो, आणि जिथे जुना कमकुवत भाग असतो तिथे कधी तरी सुटतो. ‘इतका कठीण दगड हलला कसा’ या तुमच्या प्रश्नाच्या उत्तराची ही ढोबळ दिशा आहे. बाकीचे उत्तर तुम्ही अभ्यासातूनच मिळवा, कारण मी सांगून टाकले तर तो आनंद तुम्हाला मिळणार नाही. एवढे मात्र सांगते की त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता, आणि पुढे २००२ च्या नकाशातून तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला. तुम्ही ज्या विषयात पाऊल ठेवत आहात, त्यातल्या जाणकारांनाही तुमच्याच गावाकडे येऊन नव्याने शिकावे लागलेले आहे.

वाणिज्यवालीला दारात कोण घेईल, या प्रश्नाचे उत्तर थोडे मिश्र आहे. भूविज्ञानातली बी.एस्सी. करायची तर बारावीला शास्त्र शाखा लागते. त्यामुळे तो दरवाजा तुम्हाला आज बंद आहे, आणि कोणी पैसे घेऊन तो उघडून देतो असे म्हणाला तर त्याच्यापासून दूर राहा. पण बी.ए.ला भूगोल घेता येतो, आणि त्यातल्या प्राकृतिक भूगोलात पृथ्वीचे अंतरंग, खडक, विदारण, ज्वालामुखी, भूकंप हे सगळे येते. लातूर जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. औशाला किंवा लातूरला ज्या महाविद्यालयात भूगोल विभाग आहे तिथे जाऊन नियमित प्रवेशाची चौकशी करता येईल. दुकान सोडून रोज वर्गात बसणे शक्य नसेल तर १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याची विभागीय केंद्रे छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे आहेत, अभ्यासकेंद्रे त्याहून कितीतरी जवळ आहेत, आणि पुस्तके मराठीत घरी बसून अभ्यास करणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात. जवळच्या केंद्रावर तुमच्या आवडीचा विषय मिळतो का, हे प्रवेश घेण्यापूर्वी समक्ष विचारून घ्या. दूरस्थ अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी आता विद्यार्थ्याचा डीईबी आयडी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो काढण्यासाठी श्रेयांक पेढीचे (एबीसी) खाते लागते, ज्यात शिकून मिळवलेले श्रेयांक म्हणजे क्रेडिट जमा होतात. हे काम लेक अर्ध्या तासात करून देईल. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर एका वर्षाअखेर ठरावीक जादा श्रेयांक पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन थांबण्याचीही सोय झाली आहे, त्यामुळे तीन-चार वर्षांचे ओझे पहिल्याच दिवशी डोक्यावर घेण्याची गरज नाही.

आपल्याकडे ही दारे फार जुनी नाहीत, हेही लक्षात असू द्या. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या मुलांना उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे, आणि तिथले माध्यम उर्दू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ व्हायला १९५८ साल उजाडले. तुमच्या आजीच्या पिढीतील किती बायकांच्या मनात असेच प्रश्न येऊन विरून गेले असतील. तुमच्या हाताशी आज जे आहे ते वापरण्याचा तुम्हाला पुरता अधिकार आहे.

तरीही मी तुम्हाला बी.ए.ला लगेच नाव घाला असे सुचवणार नाही. आधी एकच छोटा अभ्यासक्रम पूर्ण करा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर आणि त्याचाच भाग असलेल्या ‘एनपीटेल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे चार, आठ आणि बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात. तिथे शाखेची अट आड येत नाही, शिकण्याला शुल्क नाही, दर आठवड्याला व्याख्याने येतात आणि ठरलेल्या तारखेच्या आत स्वाध्याय द्यावा लागतो. भूविज्ञानाच्या प्राथमिक ओळखीचा, शक्यतो आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम निवडा. एकदम दोन घेऊ नका. सत्रे जानेवारी आणि जुलै अशी दोन असतात. तुम्ही जानेवारीचेच धरा. जुलैचे सत्र संपून परीक्षा येते तेव्हा सोयाबीनची आवक आणि दिवाळीची गिऱ्हाइकी एकाच वेळी अंगावर असते, आणि त्या गर्दीत अभ्यास मागे पडला की दोष मात्र तुमच्या वयाला दिला जाईल.

इंग्रजीची अडचण खरी आहे आणि ती दोन-तीन आठवडे त्रास देईल. व्याख्यानाला बसण्यापूर्वी त्या विषयाची नोंद मराठी विश्वकोशात वाचून घेत जा. विश्वकोश आता मोबाइलवर मोफत मिळतो, आणि त्यातल्या भूविज्ञानाच्या नोंदी चांगल्या तपशिलाने लिहिलेल्या आहेत. विषय मराठीत एकदा डोक्यात बसला की इंग्रजी व्याख्यानातले निम्मे शब्द आपोआप ओळखीचे होतात. एनपीटेलच्या काही अभ्यासक्रमांचे लिखित भाषांतर मराठीतही आहे; निवड करताना तेही पाहा.

स्मरणशक्तीविषयी तुम्ही थेट लिहिलेले नाही, पण ‘झेपेल का’ मध्ये ती भीती आहे, असे मी समजते. सतराव्या वर्षी पाठांतर जितके चटकन होत असे तितके आता होणार नाही. नवी गोष्ट जुन्या अनुभवाला जोडून समजून घेण्याची ताकद मात्र तुमच्याकडे त्या वयापेक्षा किती तरी जास्त आहे. विहीर, मुरूम, पाण्याची टंचाई, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेले पाणी, हे सगळे ज्याने पाहिले आहे त्याला खडकात पाणी का साठत नाही हे प्रकरण पाठ करावे लागत नाही. एक पद्धत मात्र कटाक्षाने पाळा. तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ घालवू नका. पान एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि काय वाचले ते कोऱ्या कागदावर लिहा किंवा मोठ्याने सांगा. अडेल तिथेच पुन्हा उघडून पाहा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तेच करा. अशी आठवण करून पाहण्याने विषय जितका टिकतो तितका नुसत्या वाचनाने टिकत नाही, हे शिक्षणाच्या अभ्यासात वारंवार दिसून आलेले आहे. सासूबाई ऐकत असतील तर त्यांना सांगा. त्यांना विहिरींची माहिती तुमच्यापेक्षा जास्त असण्याचा संभव आहे, आणि त्यांचे प्रश्न प्राध्यापकांच्या प्रश्नांपेक्षा अवघड असतील.

यजमानांना परवानगीसारखे काही विचारू नका, वेळ मागा. ‘मी शिकू का’ या प्रश्नाला हसून उत्तर देता येते, पण ‘सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन ते साडेतीन गल्ला तुम्ही किंवा पोराने सांभाळायचा’ याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. खेड्यातल्या दुकानात ती वेळ सुस्त असते, त्यामुळे बहुधा हो म्हटले जाईल. ती वेळ मिळाली की दुकानाच्या मागच्या खोलीत बसा, स्वयंपाकघरात बसू नका. तिथे बसलेल्या बाईला सगळे घर मोकळीच समजते. रविवार मोकळा ठेवा.

तरुण मुलांमध्ये बसण्याचा संकोच वाटत असेल तर तो पहिल्या दोन भेटींपुरता असतो. अभ्यासकेंद्रांच्या संपर्क सत्रांत पोलीस, अंगणवाडी ताई, बस वाहक, नातवंडे असलेल्या बाया असे सर्व वयांचे लोक असतात, आणि प्रौढ विद्यार्थी बहुधा पुढच्या बाकावर बसून सर्वांत जास्त प्रश्न विचारतात. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. तुमचा पहिला अभ्यासक्रम अर्धा झाला की तिथे आधी फोन करून, वेळ घेऊन जा आणि खडकांचे नमुने पाहू द्या म्हणून विनंती करा. मनापासून विचारणाऱ्याला शिक्षक सहसा परत पाठवत नाहीत.

राहिला परीक्षेचा मुद्दा, ज्यावर यजमान हसले. पदवीची हाव नसली तरी परीक्षा अवश्य द्या. तारीख समोर असली की सुटलेली प्रकरणे पुन्हा उघडली जातात, आणि दुसऱ्या वाचनात पहिल्या वेळी न दिसलेले दुवे दिसू लागतात. परीक्षेचा मोठा लाभ मला हाच वाटतो. एनपीटेलमध्ये साधारण पाव गुण आठवड्यांच्या स्वाध्यायांना आणि बाकीचे अंतिम परीक्षेला असतात, परीक्षेचे शुल्क हजार रुपयांच्या आसपास आहे, आणि केंद्र दिलेल्या यादीतून जवळच्या शहराचे निवडता येते. जानेवारीच्या सत्राची नोंदणी साधारण नोव्हेंबरात सुरू होते. तेव्हा दुकानात मान वर करायला सवड नसेल, म्हणून अभ्यासक्रमांची यादी लागली की तुमच्या नावाने नोंदणी करून टाकायला लेकीला आताच सांगून ठेवा.